नाव सांगा, आत या

इंटरनेटच्या नियमांचं पहिलं टिपण न्हाणीघरात लिहिलं गेलं. ही कुचेष्टा नव्हे, इतिहास आहे. १९६९ साली लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात शिकणारा स्टीव्ह क्रॉकर मित्रांच्या घरी मुक्कामाला होता. रात्री सगळे झोपलेले. त्यांची झोप मोडायला नको म्हणून तो न्हाणीघरात जाऊन बसला आणि दोन संगणकांनी एकमेकांशी कसं बोलावं याचा विचार तिथे कागदावर उतरला. न्हाणीघरात सुचण्याची परंपरा तशी आर्किमिडीजपासूनची. पण आर्किमिडीज ओरडत रस्त्यावर धावला, क्रॉकरला मात्र धास्ती पडली. आपण साधे विद्यार्थी, असले नियम करायचा अधिकार आपल्याला दिला कुणी? उद्या कुणी वडीलधारा अधिकारी येऊन कान धरायचा! म्हणून त्याने टिपणाला भीत भीत नाव दिलं, 'रिक्वेस्ट फॉर कॉमेंट्स'. आपले अभिप्राय कळवावेत, ही विनंती.

या विनंत्यांचे क्रमांक आता नऊ हजारांच्या पुढे गेले आहेत. 'आरएफसी' या नावाने त्या ओळखल्या जातात आणि जगातला प्रत्येक ईमेल, प्रत्येक वेबपान, तुमच्या-माझ्या बँकेतला प्रत्येक रुपया त्यांच्या भरवशावर इकडून तिकडे जातो. आपल्याकडे हे काम निघालं असतं तर आधी समिती, मग तिच्यावर देखरेखीला उपसमिती, मग शासन निर्णय, आणि त्यात पहिल्याच ओळीत 'वाचा: संदर्भ क्रमांक १ ते १४'. क्रॉकरच्या मंडळींनी हुकूम सोडला नाही. विनंती केली आणि लोकांनी चक्क ऐकली.

लोकांनी ऐकली, कारण लोक मोजकेच होते. १९६९ संपताना क्रॉकरच्या मंडळींच्या जाळ्यावर चार संगणक होते. त्यावरून पाठवायचा पहिला निरोप होता 'लॉगिन'. त्यातला 'एल' गेला, 'ओ' गेला आणि संगणक कोसळला. शेवटच्या तारखेला सरकारी संकेतस्थळावर काही भरायला बसणाऱ्या कुणालाही यात नवल वाटणार नाही. मुद्दा असा, की चार विद्यापीठी ठिकाणच्या मंडळींत चोर कोण असणार? म्हणून नियम लिहिताना त्यांनी 'तू कोण?' हा प्रश्न जरूर ठेवला, पण समोरचा जे सांगेल ते खरं धरायचं असं ठरवूनच ठेवला. आजची सगळी सायबर सुरक्षा, ते पासवर्ड, ते ओटीपी, फोन लावल्यावर पलीकडची घंटा वाजायच्या आधी काही काळ ऐकावा लागलेला तो सावधानतेचा इशारा, हे सगळं त्या एका भाबडेपणाला मागाहून लावलेलं ठिगळ आहे.

ईमेलचंच घ्या. ऑगस्ट १९८२ मध्ये जॉन पोस्टेल यांनी एसएमटीपी नावाचा नियम लिहिला. त्यातला 'एस' म्हणजे सिंपल. साधा म्हणजे किती साधा? पाठवणारा संगणक घेणाऱ्या संगणकाच्या पोर्ट क्रमांक २५ वर जातो. (पोर्ट म्हणजे संगणकाचं क्रमांक दिलेलं दार. ईमेलला २५, वेबपानाला ८०, कुलूपबंद वेबपानाला ४४३.) आज्ञा सगळ्या चार अक्षरी ठेवायच्या होत्या, म्हणून 'हॅलो'च्या इंग्रजी स्पेलिंगमधला एक 'एल' कापून टाकला आहे. ही काटकसर पुण्याची वाटेल, पण माणूस कॅलिफोर्नियाचा होता. पुढचा संवाद साधारण असा:

'२२०. हजर आहे.'

'हेलो. मी अमुक संगणक.'

'२५०. ठीक.'

'मेल फ्रॉम: बँकेचे सरव्यवस्थापक.'

'२५०. ठीक.'

'आरसीपीटी टू: ठाण्याचे जोशीकाका.'

'२५०. ठीक.'

'डेटा.'

'३५४. बोला. संपलं की एका ओळीवर नुसता पूर्णविराम द्या.'

'प्रिय ग्राहक, आपले खाते आज रात्री बंद होत आहे. खालील निळ्या अक्षरांवर ताबडतोब...'

'२५०. ठीक.'

'क्विट.'

'२२१. बरंय, येतो.'

या अख्ख्या संवादात 'कशावरून?' हा शब्द एकदाही आलेला नाही. दोन मराठी माणसांमध्ये इतका वेळ 'कशावरून?' शिवाय बोलणं चालल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

हाउसिंग सोसायटीच्या फाटकावर एक वही असते, ती डोळ्यांपुढे आणा. तिला दोरीने बांधलेलं पेन, त्या पेनाला टोपण नाही. रकाने कडक: नाव, कुणाकडे, फोन नंबर, वेळ, सही. आलेला माणूस नावाच्या रकान्यात 'कुरिअर' लिहितो, फोन नंबर नऊ आकडी लिहितो, वेळेच्या खाली वरच्याची दोन टिंबं देतो आणि सहीच्या जागी पेन चालतंय का ते बघतो. वॉचमन वही वाचत नाही. वही भरली गेली की नाही एवढं बघतो आणि फाटक उघडतो. नोंद पक्की, माणूस कोण ते देव जाणे. एसएमटीपी ही तीच वही आहे, फक्त ती जगभर एकच आहे.

बरं, खोटं नाव लिहायची सोयही दुहेरी. पाकिटावर, म्हणजे वरच्या संवादात, पाठवणाऱ्याचं एक नाव असतं, आतल्या मजकुराच्या डोक्यावर दुसरं. जोशीकाकांना दिसतं ते आतलं. दोन्ही जुळली पाहिजेत असं मूळ नियमात कुठेही नाही. त्याच नियमात 'व्हीआरएफवाय' नावाची एक आज्ञा होती: अमक्या नावाचा माणूस तुमच्याकडे राहतो का? संगणक प्रामाणिकपणे सांगे, 'हो, राहतो, हा घ्या पूर्ण पत्ता.' दुसरी होती 'ईएक्सपीएन': ही टपालयादी उघडून दाखवा. मग यादीतली सगळी नावं अनोळखी माणसाच्या हातात! गल्लीतल्या टपरीवर पत्ता विचारला की घरात कोण कोण असतं, मुलीचं लग्न ठरलं का, तेही कळतं, तसाच हा संगणकी जिव्हाळा. पुढे स्पॅमवाल्यांनी त्याचा इतका लाभ घेतला की शहाण्या संचालकांनी या दोन्ही आज्ञांना उत्तर देणं बंद केलं. 'एनओओपी' नावाची तिसरी आज्ञा मात्र अजून सुखाने नांदते आहे. तिचा अर्थ, काहीही करू नका. त्यावर संगणक काहीही करत नाही आणि '२५०, ठीक' असं कळवतो. काही न करता झाल्याचं कळवणं ही कला केवळ आपल्या कचेऱ्यांतच आहे, हा गैरसमज या निमित्ताने दूर व्हावा.

स्पॅमचं म्हणाल तर ते या नियमाच्याही आधीचं. ३ मे १९७८ रोजी गॅरी थर्क या संगणक विकणाऱ्या गृहस्थांनी सुमारे ४०० लोकांना एकदम जाहिरात धाडली. भरपूर बोलणी खाल्ली. पण संगणक खपले, असं ते पुढे सांगत. तिथेच सगळं बिघडलं. बोलणी खाऊन माल खपत नसता तर तुमचा इनबॉक्स आज रिकामा असता.

आता वहीवर पहारे बसले आहेत. एसपीएफ म्हणजे 'आमच्या नावाने टपाल टाकायची परवानगी या यंत्रांनाच आहे' अशी जाहीर यादी. डीकेआयएम म्हणजे पत्रावरची खोडता न येणारी संगणकी सही. डीमार्क म्हणजे दोन्हींत गडबड आढळली, तर पत्राचं काय करायचं याची लेखी सूचना. तिन्ही उत्तम आहेत. तरीही ज्याला 'बँक' या शब्दात एक जादा अक्षर घालून स्वतःच्या मालकीचं नवंकोरं नाव विकत घेता येतं, तो या तिन्ही चौक्या सही-शिक्क्यानिशी पार करतो, कारण स्वतःच्या नावाच्या बाबतीत तो अगदी खरा असतो.

फाइलींची ने-आण करणाऱ्या एफटीपीची कथा अशीच, पण आपल्याला जवळची. एप्रिल १९७१ मध्ये तो नियम लिहिला अभय भूषण यांनी, आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीतून एमआयटीत पोचलेल्या भारतीय तरुणाने. एफटीपीला आणि त्याच्या भावंडाला, म्हणजे बसल्या जागी दूरच्या संगणकावर काम करू देणाऱ्या टेलनेटला, पासवर्ड लागे. तो टाइप करताना पडद्यावर एक अक्षर उमटत नसे, शेजारच्याला दिसू नये म्हणून! तारेवरून मात्र तोच पासवर्ड उघडावाघडा जाई आणि वाटेत कान लावून बसलेल्या कुणालाही वाचता येई. म्हणजे शेजारच्या खुर्चीतल्या सज्जन सहकाऱ्यापासून गुप्त आणि परक्या भामट्याला खुला. शिवाय 'अनॉनिमस', म्हणजे अनामिक, या नावाने आत शिरायची सोय होती. अनामिकालाही पासवर्ड विचारला जाई आणि तिथे त्याने स्वतःचा ईमेल पत्ता द्यावा असा संकेत होता. निनावी माणसाकडून नाव-पत्ता मागणारी इतकी सभ्य व्यवस्था पुन्हा होणे नाही.

१९९५ साली हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात कुणीतरी असाच कान लावून पासवर्ड गोळा करताना सापडला. तातू युलोनेन या तिथल्या संशोधकाने वैतागून एसएसएच लिहिलं, म्हणजे टेलनेटचंच काम, पण सगळं कुलपात. एफटीपीचं दार २१, टेलनेटचं २३, मधलं २२ रिकामं दिसलं. ते मिळावं म्हणून त्याने क्रमांक वाटणाऱ्यांना एक ईमेल केला आणि दुसऱ्या दिवशी २२ क्रमांक त्याच्या नावावर झाला. आपल्याकडे तेवढ्या वेळात अर्जावर आवक क्रमांकही पडत नाही.

एव्हाना धडा मिळायला हवा होता, कारण मोठी अद्दल १९८८ मध्येच घडली होती. २ नोव्हेंबरला कॉर्नेल विद्यापीठातल्या रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने एक छोटा प्रोग्राम सोडला. तो टपालाच्या प्रोग्राममधल्या एका विसरलेल्या खिडकीतून, 'अमका माणूस जागेवर आहे का' हे सांगणाऱ्या एका सेवेतून आणि लोकांच्या पोरकट पासवर्डांमधून या यंत्रातून त्या यंत्रात शिरत गेला. पोहोचलेल्या यंत्रावर तो पुन्हा पुन्हा पोहोचला आणि त्या ओझ्याखाली यंत्रं बसली. तेव्हाच्या अंदाजाने सुमारे ६,००० यंत्रं, त्या काळच्या जाळ्याचा दहावा हिस्सा. या मुलाचे वडील त्या वेळी अमेरिकी सरकारच्या संगणक सुरक्षा केंद्रात मुख्य शास्त्रज्ञ होते. घरी काय बोलणं झालं असेल याची नोंद कुठल्याही आरएफसीत नाही. मुलाला तीन वर्षांची देखरेख, ४०० तास समाजसेवा आणि १०,०५० डॉलर दंड झाला. वरच्या पन्नास डॉलरचं प्रयोजन मला समजलेलं नाही, पण न्यायालयाला रुपयाचं नाणं लावून पाकीट द्यायची आपली रीत ठाऊक असावी. पुढे तो मुलगा एमआयटीत प्राध्यापक झाला.

वेबचा नियम, एचटीटीपी, हा एसएमटीपी-एफटीपीहून वेगळ्या स्वभावाचा. तो विसराळू आहे. तुम्ही एक पान मागितलं, त्याने दिलं, संपलं. पुढच्या क्षणी दुसरं पान मागा, तो तुम्हाला ओळखत नाही. १९९४ मध्ये नेटस्केप या ब्राउझर कंपनीच्या लू माँटुली यांनी त्यावर उपाय काढला: पहिल्या भेटीत तुमच्या खिशात एक चिठ्ठी सरकवायची आणि नंतर दर वेळी तीच चिठ्ठी दाखवायला सांगायची. तिचं नाव कुकी. आणि तुम्ही कुठल्या पानावरून आलात हे सांगणाऱ्या ओळीचं नाव 'रेफरर'. त्याचं इंग्रजी स्पेलिंग नियमातच चुकलं. चूक ध्यानात येईपर्यंत ती इतक्या यंत्रांत जाऊन बसली होती, की १९९६ च्या आरएफसीत चुकीचंच स्पेलिंग छापलं गेलं. त्यामुळे आज ते बरोबर लिहिणाऱ्याचा प्रोग्राम चालत नाही. शुद्धलेखनासाठी आयुष्यभर भांडणाऱ्या मराठी शिक्षकांनी ही गोष्ट मनाला लावून घेऊ नये.

एचटीटीपीची उत्तरं आकड्यांत येतात. ४०४, सापडत नाही. ४०१, आधी ओळख पटवा. ४०३, ओळख पटली असली तरी देणार नाही. ४०२, पैसे भरा. हा क्रमांक 'पुढे केव्हातरी वापरू' म्हणून राखून ठेवला, तो अजून राखलेलाच आहे आणि जगाने मधल्या काळात पैसे उकळायच्या दुसऱ्या शंभर वाटा काढल्या. ४१८ म्हणजे 'मी चहाची किटली आहे'. १ एप्रिल १९९८ च्या आरएफसीत कॉफीयंत्र इंटरनेटवरून कसं चालवावं याचे सविस्तर नियम आहेत. किटलीकडे कॉफी मागितली तर तिने हे उत्तर द्यावं असं त्यात सांगितलं आहे. दोन दशकांनी हा आकडा काढून टाकायचं निघालं, तेव्हा जगभरच्या प्रोग्रामरांनी किटली बचाव मोहीम चालवली आणि किटली वाचली.

पण ती खिशातली चिठ्ठी महागात पडली. ज्याच्या हाती तुमची कुकी, तो म्हणजे तुम्ही. लॉगिनच्या पानापुरतं कुलूप लावून बाकी सगळी ये-जा उघड्यावर करायची अशी मोठमोठ्या संकेतस्थळांची रीत होती. ऑक्टोबर २०१० मध्ये एरिक बटलर यांनी 'फायरशीप' नावाचं साधन फुकट वाटलं. कॉफीच्या दुकानात मोफत वायफायवर बसायचं, एक बटण दाबायचं, की आजूबाजूला कोण कोण फेसबुकवर आहे त्यांची नावं फोटोसकट एका पट्टीत ओळीने येत. एखाद्या नावावर दोनदा टिचकी मारली की तुम्हीच ते. अशा हल्ल्याची माहिती जाणकारांना कित्येक वर्षं होती, त्यावर व्याख्यानं झाली होती, आणि कंपन्या 'विचार चालू आहे' म्हणत होत्या. शेजारच्या टेबलावरचं कार्टं तुमच्या नावाने तुमच्या साहेबांना बदाम पाठवू शकतं म्हटल्यावर विचार लवकर संपला. पुढच्याच जानेवारीत फेसबुकने संपूर्ण वावर एचटीटीपीएसवर नेण्याची सोय दिली. सुरक्षेच्या इतिहासात विद्वत्तेपेक्षा अब्रूने जास्त कामं झाली आहेत, असं माझं मत आहे.

एचटीटीपीएस म्हणजे एचटीटीपीच, पण टीएलएस नावाच्या कुलपातून. बोलणं सुरू होण्याआधी संकेतस्थळ आपलं प्रमाणपत्र दाखवतं, दोन्ही बाजू मिळून एक गुप्त किल्ली ठरवतात आणि पुढचं सगळं तिच्या आड चालतं. छान आहे. फक्त प्रमाणपत्र देणाऱ्याची पत कशावरून? ब्राउझरच्या पोटात विश्वासू संस्थांची यादी असते म्हणून. २०११ मध्ये त्या यादीतल्या डिजिनोटार या डच संस्थेत चोर शिरले आणि त्यांनी गूगलच्या नावाचं प्रमाणपत्र बनवून घेतलं. कागद अस्सल, शिक्का अस्सल, माणूस तोतया. इराणमधल्या लोकांच्या ईमेलवर डोळा ठेवायला ते वापरलं गेलं. त्याच वर्षी डिजिनोटारचं दिवाळं वाजलं.

२०१४ चा 'हार्टब्लीड' तर निव्वळ फार्स होता. टीएलएसमध्ये एक सोय होती: पलीकडचा जागा आहे ना हे बघायला त्याला एक शब्द द्यायचा, शब्दाची लांबी सांगायची आणि तोच परत म्हणायला लावायचं. 'आंबा, दोन अक्षरं' म्हटलं की उत्तर 'आंबा'. पण कुणी 'आंबा, चौसष्ट हजार अक्षरं' म्हटलं, तर ओपनएसएसएल नावाचा प्रोग्राम मोजून न बघता 'आंबा' म्हणे आणि आकडा भरून काढायला स्मरणात पुढे जे काही पडलं असेल ते वाचून दाखवे: कुणाचा पासवर्ड, कुणाची कुकी, प्रसंगी स्वतःची किल्लीसुद्धा. ही चूक त्या प्रोग्राममध्ये शिरली ३१ डिसेंबर २०११ च्या रात्री. त्या रात्री काम करू नये हे सांगायला संगणकतज्ज्ञ लागत नाही.

आणि ब्राउझरमधलं पत्त्याशेजारचं ते कुलपाचं चित्र? त्याचा अर्थ एवढाच, की तुमचं बोलणं वाटेत कुणी ऐकत नाही. समोरचा सज्जन आहे, असं ते कधीच म्हणत नव्हतं. भामट्यालाही प्रमाणपत्र मिळतं, तेही फुकट, आणि तुमचा पासवर्ड त्याच्यापर्यंत अतिशय सुरक्षितपणे पोहोचतो. लोकांना हे उमजेना, तेव्हा गूगलने २०२३ मध्ये क्रोममधलं कुलूपच काढून टाकलं.

खरा रामबाण उपाय २००३ मध्ये सुचवून झाला आहे. स्टीव्ह बेलोविन यांच्या आरएफसी ३५१४ नुसार प्रत्येक पॅकेटमध्ये, म्हणजे जाळ्यावरून जाणाऱ्या माहितीच्या पुडक्यात, एक 'दुष्ट बिट' असावा. हेतू वाईट असेल तर पाठवणाऱ्याने तो १ करावा, चांगला असेल तर ०. फायरवॉलने, म्हणजे दारावरच्या पहारेकरी प्रोग्रामने, १ दिसला की अडवावं, बस्स. तारीख अर्थातच १ एप्रिल. पण गंमत बाजूला ठेवून वाचलं, तर मूळचे सगळे नियम याच तत्त्वावर बेतलेले होते.

तंत्र आता पुष्कळ सुधारलं आहे. यंत्रं एकमेकांना 'कशावरून?' विचारायला शिकली. तो प्रश्न विसरलो आपण. 'मी कुरिअर कंपनीतून बोलतोय', 'मी क्राइम ब्रँचमधून बोलतोय, कॅमेऱ्यासमोरून उठू नका' असं फोनवर कुणी म्हटलं, की चार बुकं शिकलेला, भाजीवाल्याकडून कोथिंबिरीचाही हिशेब मागणारा माणूस आतून '२५०, ठीक' म्हणतो आणि ओटीपी वाचून दाखवतो.

तेव्हा आज दोन कामं करा. घरातल्या राउटरचा आणि कॅमेऱ्याचा मूळचा पासवर्ड बदला. २०१६ मध्ये 'मिराई' नावाच्या प्रोग्रामने साठेक ठरावीक नाव-पासवर्डांच्या जोड्या टेलनेटवर लावून बघत लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते. आणि पैसे गेलेच, तर वेळ न दवडता १९३० या सायबर गुन्हे मदत क्रमांकावर फोन करा. मात्र '१९३० मधून बोलतोय' असं सांगत कुणी आपणहून तुम्हाला फोन केला, तर ठेवून द्या.